लवू पोस्टमनचा नकाशा

मार्चच्या शेवटच्या शनिवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, मनवा परब लालबागच्या फुटपाथवर उलटी चालत होती.

हातात पोस्टकार्डापेक्षा लहान, कडा पिवळ्या पडलेला एक फोटो. फोटोत दोन मजली चाळ, लाकडी कठडा, आणि मागे गिरणीची चिमणी. समोर प्रत्यक्षात मात्र काचेचा टॉवर आणि त्याच्या पायथ्याशी गाड्यांचं शोरूम. फोटो डोळ्यांसमोर धरून ती एक एक पाऊल मागे सरकत होती. मसाल्याचे दिवस होते, गल्लीत सकाळपासून मिरच्या कांडल्या जात होत्या आणि हवेतच तिखट भरलं होतं. तिला एक शिंक आली, दुसरी आली, आणि तिसरीला टाच कशावर तरी आदळली.

"गेलं," मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं.

ती वळली. तिपाईवर पिवळं यंत्र, त्याचा एक पाय सरकलेला, आणि शेजारी उन्हाने रापलेला, डोक्यावर टोपी घातलेला एक तरुण. चिडलेला नव्हता. उलट हसू दाबत होता.

"मोडलं का?" मनवाने विचारलं.

"मोडलं नाही. पण वीस मिनिटं लावून ठेवलं होतं. आता परत पहिल्यापासून."

"सॉरी. पण फुटपाथच्या मधोमध कुणी हे लावतं का?"

"फुटपाथवर कुणी उलटं चालतं का?"

मनवा उत्तर द्यायला तोंड उघडत होती. तेवढ्यात त्याने तिच्या हातातल्या फोटोकडे मान तिरकी करून पाहिलं.

"हा इथून काढलेला नाही."

"कशावरून?"

"चिमणी बघा. फोटोत ती चाळीच्या उजव्या अंगाला दिसते. आणि चिमणी होती तिथे..." त्याने दोन टॉवरांमधल्या रिकाम्या आभाळाकडे बोट केलं. "म्हणजे काढणारा रस्त्याच्या पलीकडे उभा होता. त्या औषधाच्या दुकानापाशी."

मनवा रस्ता ओलांडून गेली. दुकानासमोर उभी राहिली, फोटो वर धरला. रस्त्याचं वळण फोटोतल्या वळणावर अलगद बसलं. ती परत आली.

"बरोबर निघालं."

"माहीत आहे."

"तुम्हाला कसं माहीत, चिमणी कुठे होती ते?"

"सर्व्हेअर आहे. पाडायच्या आधी मोजायचं, हेच काम. ती चाळ मीच मोजली होती." त्याने परत फोटोकडे पाहिलं. "असे किती आहेत तुमच्याकडे?"

"सहाशे बारा."

"मग तुम्हाला माझा नंबर लागेल."

हे तो इतक्या सरळपणे म्हणाला, की हा कामाचा माणूस आहे की लाइन मारतोय, हे तिला ठरवता येईना. तिने फोन त्याच्या हातात दिला. त्याने नाव टाइप केलं – हितेंद्र वैती. घरी जाताना तिने ते तीनदा उघडून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी स्वतःला सांगितलं की नंबर नीट सेव्ह झालाय ना, एवढंच बघतेय.

*

सहाशे बारा फोटो मनवाच्या बाबांचे होते. लवू परब चौतीस वर्षं पोस्टमन होते आणि त्यांची बीट, म्हणजे पत्रं वाटायची रोजची हद्द, लालबाग-परळच्या चाळींची. खाकी पिशवीत पत्रांखाली एक छोटा कॅमेरा असायचा. कुणाकडे बाळ झाल्याचं कार्ड आलं, कुणाच्या मुलाला नोकरीचं पत्र आलं, की त्या घरचं माणूसच म्हणायचं, "परबभाऊ, एक काढा." दारात उभं राहून, हातात पत्र धरून काढलेले फोटो. एक प्रत त्यांना, एक स्वतःला. मागे पेन्सिलीने नाव, खोली, चाळ आणि वर्ष.

बाबा रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. मे अखेरीस ते आणि आई कुडाळजवळच्या गावी कायमचे राहायला जाणार होते. मनवा लोअर परळच्या एका ऑफिसात वेबसाइट बनवायची. बाबांना निरोपादाखल काय द्यावं, याचा तिने महिनाभर विचार केला आणि मग ठरवलं, त्यांची बीटच द्यायची. इंटरनेटवर एक नकाशा करायचा. प्रत्येक फोटोचा आपल्या जागी एक ठिपका, ठिपक्यावर बोट ठेवलं की फोटो उघडेल, खालची पट्टी सरकवली की वर्ष बदलेल. बाबांनी गावच्या पडवीत बसून मोबाइलवर बोट फिरवावं आणि परत लालबाग-परळ पालथं घालावं.

नकाशाची चौकट तिने दोन रात्रींत उभी केली. अडलं ते पत्त्यांशी. फोटोमागचा पत्ता टाकला, की कॉम्प्युटर म्हणे, असं ठिकाण नाही. त्याचंही खरंच होतं. चाळीच राहिल्या नव्हत्या.

हितेंद्रकडे त्या होत्या. जुन्या मोजणीचे नकाशे त्याने स्कॅन करून ठेवले होते. पहिल्या रविवारी दादरच्या एका उपाहारगृहात, पियूषचे दोन ग्लास बाजूला सारून, त्याने तिला ते नव्या नकाशावर बसवून दाखवले. एक देऊळ, एक विहीर, एक पोलीस चौकी – न हललेल्या जागा शोधायच्या, त्या एकमेकींवर ठेवायच्या, की बाकीचं आपोआप जागेवर येतं. काचेच्या टॉवरखालून चाळीच्या बारीक रेघा हळूहळू वर आल्या. मनवाचा चमचा हवेतच राहिला.

"खोल्यांचे नंबर पण आहेत?"

"खोल्यांचे, जिन्यांचे, नळाचे सुद्धा."

"तुम्ही एवढं सगळं कशाला ठेवलंय?"

हितेंद्रने खांदे उडवले. "मोजलेलं फेकवत नाही. कुणीतरी विचारेल असं वाटायचं. कुणी विचारलं नाही... आतापर्यंत."

दुसऱ्या रविवारपर्यंत मनवाने चाळीस फोटो चढवले आणि मोठ्या थाटात लॅपटॉप त्याच्यासमोर फिरवला. लालबाग कोरं करकरीत होतं. एक ठिपका नाही. ती नकाशा लहान लहान करत गेली – मुंबई, भारत, अर्धं जग – आणि पार वर, नॉर्वेच्याही उत्तरेला, बर्फाळ समुद्रात चाळीसच्या चाळीस ठिपके दाटीवाटीने बसलेले सापडले.

हितेंद्रने बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं. "अक्षांश-रेखांश उलटे टाकलेत."

"कळलं मला."

"नाही, थंडीत ठेवायचे असतील तर राहू देत. उन्हाळा आहे."

"हितेंद्र, तू गप्प बस."

बोलल्यावर तिच्या लक्षात आलं की तुम्हीचं तू झालं. त्याच्याही लक्षात आलं, कारण त्याने पियूषचा एक घोट उगाचच फार सावकाश घेतला.

"बसतो गप्प," तो म्हणाला. "पण तू परत एकदा म्हण."

तिने म्हटलं नाही. कोडमधले दोन आकडे अदलाबदल केले, आणि ठिपके समुद्रातून उठून लालबागेत येऊन बसले.

असे एकूण पाच रविवार गेले. तो एकदा घरीही आला. आईने बांगड्याचं तिकलं केलं होतं. शिवडीच्या कोळीवाड्यातल्या हितेंद्रने ते खाऊन "आमच्याकडे त्रिफळं घालत नाहीत, पण घालायला पाहिजेत" असं म्हटल्यावर आईने त्याला न विचारताच दुसरा तुकडा वाढला. बाबा बोटाने नकाशा फिरवत होते. ठिपक्यांचा एक मोठा गोळा, त्यावर आकडा. जवळ गेलं की गोळा फुटून दहा ठिपके. आणखी जवळ गेलं की एकेकाचं दार. बाबांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

*

गडबड झाली ती मेच्या पहिल्या आठवड्यात.

मंगळवारी दुपारी मनवाचा फोन वाजला. नकाशाच्या तळाशी तिने संपर्कासाठी स्वतःचाच नंबर दिला होता. पलीकडचा माणूस तिचं नाव न विचारताच सुरू झाला. त्याचं नाव केतन. त्याच्या आईचा फोटो नेटवर का आहे, तो कुणी काढला, कुणाला विचारून टाकला. त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फिरतोय, लोक खाली बदाम टाकतायत. आज काढा, नाहीतर तक्रार करतो.

मनवाने माफी मागितली आणि फोटो तिथल्या तिथे उतरवला. पण नकाशा अजून कुणाला दिलेलाच नव्हता. लिंक फक्त एकाकडे होती.

संध्याकाळी हितेंद्र ऑफिसच्या खाली भेटला.

"मी आईला पाठवली," तो म्हणाला. त्याची आई, मंजुळाबाई, परळच्या बाजारात मासे विकायच्या. "तिच्या ओळखीच्या दोन बायका होत्या त्यात. तिला एवढं आवडलं... तिने पुढे पाठवली. मला आज कळलं."

"लिंक मी तुला दिली होती. तुझ्या आईच्या ग्रुपला नाही."

"हो."

"तू विचारायला हवं होतंस."

"हवं होतं," हितेंद्र म्हणाला. तो आणखी काहीतरी सांगेल म्हणून ती थांबली. त्याने कारणं दिली नाहीत, आणि त्यामुळे तिला नीट भांडताही येईना. ती तशीच वळून घरी गेली.

घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं. चिडले की ते मालवणीत बोलत. आज फार हळू बोलले.

"लोकांनी माझ्यार विश्वास ठेवलो होतो गो. कोणाक काय पत्र इला, तां मी कधी ह्या कानाचा त्या कानाक सांगूक नाय. फोटो त्यांच्यासाठी काढले. काढून टाक सगळा."

मनवाने नकाशा बंद केला. रात्री अंथरुणात पडल्यावर तिला बाबांचा राग आला, मग हितेंद्रचा, आणि मग कळलं की राग खरा स्वतःचाच आहे. लिंक कुणी पुढे पाठवली हा नंतरचा भाग. दारात उभ्या असलेल्या सहाशे बारा माणसांना तिनेसुद्धा विचारलं नव्हतं.

सकाळी तिने हितेंद्रला फोन केला.

"चाळी पाडल्यावर लोक कुठल्या इमारतीत गेले, याच्या याद्या असतात ना?"

"सोसायटीच्या ऑफिसात असतात. बघायला मिळतील." मग तो म्हणाला, "म्हणजे मला घेतेस परत?"

"कामावर घेतेय. बाकीचं बघू."

मग तिने बाबांची खाकी पिशवी माळ्यावरून काढली, झटकली, आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"बाबा, हे फोटो पोचवायचे राहिलेत."

"सगळ्यांक त्यांची प्रत तेव्हाच दिली."

"तेव्हा फोटो दिलात. आता विचारायला जाऊ. हो म्हणतील ते नकाशावर राहतील. नको म्हणतील त्यांचा ठिपकाही नाही ठेवायचा."

बाबांनी पिशवीचा पट्टा हातात घेऊन बकल तपासलं. मग उठून पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाले, "सुरुवात परळपासून करू. सकाळची बीट तिथूनच असायची."

मनवाने दोन आठवड्यांची रजा टाकली. हितेंद्र कामावरून सुटला की येऊन मिळायचा. जिथे पूर्वी चार मजले चढायचे, तिथे आता तेविसाव्या मजल्याचं बटण दाबायचं. दार उघडायचं, बाबा फोटो पुढे करायचे, आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आणि मग ओळख यायची. "परबभाऊ... पाणी तरी घ्या." बाबा एवढं पाणी कामावर असतानाही प्याले नसतील. एकशे त्रेचाळीस घरं सापडली. नऊ जणांनी नको म्हटलं, आणि त्यांचे फोटो बाबांनी त्यांच्याच हातात ठेवले. एका आजोबांनी फोटो धरूनच ठेवला, हो-नाही काही बोललेच नाहीत. मनवाने वहीत त्यांच्यापुढे जागा कोरी सोडली.

एकदा गच्चीजवळच्या पायरीवर बाबांची वाट बघत दोघं बसले होते. हितेंद्रने तिच्या केसात अडकलेला चुन्याचा पापुद्रा काढायला हात वर केला, मग विचार बदलून हात तसाच खाली घेतला. मनवाने ते पाहिलं.

"काढ ना," ती म्हणाली.

त्याने काढला. लागायला पाहिजे त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

*

केतनचं घर त्यांनी शेवटासाठी ठेवलं होतं. गावी जायच्या आदल्या रविवारी, सकाळी अकराला, ते तिघं लालबागच्या एका टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर गेले. मनवाने आधी फोन केला होता. "या," एवढंच केतन म्हणाला होता.

दार त्यानेच उघडलं. तिशीचा, हाताची घडी घातलेला. पण त्याच्या मागून एक बाई पुढे आल्या, बाबांना पाहिलं, आणि दारातच त्यांचे डोळे भरले.

"परबभाऊ. केस गेले की हो तुमचे."

बकुळाबाईंनी सगळ्यांना आत बसवलं. बाबांनी पिशवीतून फोटो काढला. बावीस वर्षांची मुलगी, खांद्यावरून पदर, हातात निळं आंतरदेशीय पत्र, आणि कॅमेऱ्याकडे न बघता पत्राकडे बघून हसणारी. मागे पेन्सिलीने: बकुळा, खोली ४१, १९९१.

त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. मग मनवाला विचारलं, "नकाशात तू मला कुठल्या दारात उभी केलीस?"

"एक्केचाळीस नंबरच्या."

"चुकलं. मी अडतीसमध्ये उभी होते."

हितेंद्र पुढे सरकला. "पण मोजणीत एक्केचाळीस कोपऱ्यावर आहे, आणि फोटोत..." त्याने फोटो पुन्हा पाहिला. फोटोतलं दार कोपऱ्यावरचं नव्हतंच.

"एक्केचाळीस आमची खोली," बकुळाबाई म्हणाल्या. "अडतीस माझ्या मैत्रिणीची. केतनचे बाबा तेव्हा सुरतला होते, गिरणीत. आमचं लग्न ठरलेलं नव्हतं, ठरण्यासारखंही नव्हतं. पत्र घरी आलं असतं तर माझ्या वडिलांनी फाडलं असतं. परबभाऊंनी एकदा माझं तोंड बघितलं आणि तेव्हापासून ह्यांची पत्रं अडतीसमध्ये दिली. दोन वर्षं. एक शब्द विचारला नाही."

केतनची हाताची घडी सुटली होती. "आई, तू कधी बोलली नाहीस."

"तुझे बाबा सांगणार होते. तुझ्या लग्नात सांगतो म्हणाले. लाजत राहिले आणि... तीन वर्षं झाली त्यांना जाऊन."

बाबा फोटोकडे बघत म्हणाले, "मागे एक्केचाळीस लिहिलं, कारण कागदावर तेच बरं होतं."

"ह्याची एक प्रत मी सुरतला पाठवली होती," बकुळाबाई म्हणाल्या. "ती ह्यांच्या पाकिटात असायची. पुढे घर बदलताना गेली." त्यांनी फोटो केतनच्या हातात दिला. त्याने मागची पेन्सिलीची ओळ वाचली. मग त्याने मनवाकडे पाहिलं, आणि त्या दिवशीचा फोनवरचा आवाज या माणसाचा असेल असं वाटेना.

"परत लावा," तो म्हणाला. "अडतीसमध्ये."

मनवाने तिथेच लॅपटॉप उघडला. हितेंद्रने आकडे सांगितले, तिने टाइप केले, आणि ठिपका तीन दारं सोडून अलगद सरकला. दोघांची डोकी स्क्रीनवर एकमेकांना लागली होती. बकुळाबाई चहाचे कप ठेवता ठेवता त्यांच्याकडे बघत होत्या.

"परबभाऊ, मुलगी तुमची, हे कळलं. हा कोण?"

बाबांनी तोंड उघडलं. "हा सर्व्हेचा..."

"हा हितेंद्र," मनवा म्हणाली. "मला आवडतो. त्याला अजून सांगितलं नाहीये."

हितेंद्रचा कप बशीवर आला, थोडा तिरका. बाबांनी एकदम चहात लक्ष घातलं. बकुळाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण डोळे लपले नाहीत.

"मी... जरा बाहेर जाऊन येतो," हितेंद्र म्हणाला.

मनवाने पाच सेकंद वाट पाहिली आणि त्याच्यामागे गेली.

लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत तो उभा होता. खिडकीतून खाली लालबागची छपरं, उड्डाणपूल, आणि दूर बंदराच्या बाजूला पाण्याची चमकती पट्टी. तिने बोलल्याचा पश्चात्ताप शोधून पाहिला तर कुठे सापडला नाही.

"तुझ्या बाबांसमोर?" तो म्हणाला.

"मग काय त्यांच्या पाठीमागे? त्यांना सगळ्या गल्लीचं माहीत असायचं. माझंच नसावं?"

"मी ठरवलं होतं, ते गावी गेले की तुला विचारायचं. नीट. कुठेतरी बसून."

"मग विचार ना. मी कुठे जातेय?"

तो हसायला लागला, मग थांबला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिला दिसल्या. "आई दर रविवारी विचारते, कुठे जातोस. मी सांगतो, सर्व्हेचं काम आहे. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी खोटं बोललो, मनवा. पाच-सहा वेळा बोललो. तुझ्याबद्दल खरं सांगायला गेलो असतो तर... मला थांबता आलं नसतं. मला तू आवडतेस हे फार कमी झालं. मला तुझ्याशिवाय रविवार नको वाटतो. बाकीचे सहा दिवसही नको वाटायला लागलेत."

मनवाने हात पुढे केला. त्याने धरला. यंत्राच्या स्क्रूंनी खरखरीत झालेली, गरम बोटं.

"मग आज खरं सांग," ती म्हणाली. "आई किती वाजता येते?"

"एकला. बाजारातून."

"मी पण येते. लिंक पुढे पाठवल्याबद्दल मला त्यांच्याशी बोलायचंच आहे."

"मनवा..."

"थँक्यू म्हणणार आहे."

मागे दार किलकिलं झालं. बाबांनी पिशवी खांद्यावर अडकवलेली होती. त्यांनी दोघांकडे पाहिलं, दोघांच्या हातांकडे पाहिलं, आणि काही दिसलंच नसल्यासारखे म्हणाले, "मी आणि बकुळाबाई अजून बोलतो आहोत. त्यांच्या अडतीसमधल्या मैत्रिणीचा पत्ता मिळालाय, भायखळ्याचा. माझं मी जाईन. तुम्ही जा."

दार लागलं. लिफ्ट आली. एकोणीस मजले उतरेपर्यंत हात सुटला नाही – खाली वॉचमनने बाहेर जाण्याची सही मागितली तेव्हासुद्धा नाही. मनवाने डाव्या हाताने सही केली. अक्षर फार वाईट आलं. तिने ते तसंच राहू दिलं.